तात्यांनी क्रियापद चालवलं

तात्यांना गप्प बसता येत नाही, हे त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवताना त्यांनी जेवढे शर्ट सरळ केले असतील, तेवढीच माणसंही बोलून बोलून सरळ केली होती. कपडे टाकायला गेलेला माणूस पाच मिनिटांत परत येईल, असं त्याच्या घरचे धरूनच चालत नसत. दुकानात खुर्ची एकच, ती गिऱ्हाइकाची, आणि त्या खुर्चीत बसला तो अडकला. मागच्या टेबलावर तात्यांची बायको बटणं लावायची, घड्या घालायची, नावाच्या चिठ्ठ्या टाचायची आणि दिवसभरात जेमतेम वीस वाक्यं बोलायची. त्यातली एकोणीस तात्यांना लागायची.

अशा माणसावर एके सकाळी फोनवरून संकट कोसळलं. परदेशी असलेल्या लेकीने सांगितलं की ती, जावई आणि जावयाची आई अशी तिघं तीन महिन्यांनी बारा दिवस राहायला येणार आहेत. लग्न दोन वर्षांपूर्वी तिकडेच झालं होतं, आणि तेव्हा तात्यांचा पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे विहीणबाईंची नि यांची भेट राहूनच गेली होती. भेट होणार म्हणून तात्या हरखले. मग लेक म्हणाली की विहीणबाईंना स्पॅनिश सोडून दुसरी कोणतीही भाषा येत नाही, आणि तात्यांचा चेहरा पाणी न मारता इस्त्री फिरवलेल्या सुती कापडासारखा झाला.

बायकोचं म्हणणं, त्यात काय, मी हातवारे करीन. तिला ते सोपं होतं. पण बारा दिवस एक नवं माणूस घरात समोर बसलेलं आणि आपण मूग गिळून, ही कल्पनाच तात्यांना सहन होईना. त्याच संध्याकाळी ते समोरच्या इमारतीचे तीन मजले चढून गेले.

तिसऱ्या मजल्यावर स्पॅनिशच्या बाई राहत. कॉलेजात एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. राखाडी रंगाची एकसारखी चार जॅकेटं त्यांच्याकडे होती आणि चारही तात्यांच्याच इस्त्रीखालून जाणारी. त्यांचे बाकीचे विद्यार्थी केव्हाच फोनवरून शिकू लागले होते, त्यामुळे दारात उभा असलेला माणूस इस्त्रीचे कपडे न घेता शिकायला आलाय, हे कळल्यावर बाईंनी चष्मा काढून पुसला. मग अट घातली. आधी एक क्रियापद. सगळ्या काळांत, आज्ञार्थ-संकेतार्थ अशा सगळ्या अर्थांत, सगळ्या पुरुषांत. ते पूर्ण आल्याशिवाय 'नमस्कार' आणि 'कसे आहात' यांना हात लावायचा नाही. त्यांच्या मते जगाचं वाटोळं 'कसे आहात'पासून सुरुवात करणाऱ्यांनी केलं होतं.

सगळी पुस्तकं 'बोलणे'पासून सुरू होतात, म्हणून बाईंनीही तेच काढलं. तात्या म्हणाले की बोलायला मला शिकवू नका, ते येतं. त्यापेक्षा इस्त्री करायला काय म्हणतात ते सांगा. बाईंनी क्षणभर विचार केला आणि त्यांना ते पटलं. क्रियापद होतं प्लांचार. बाई म्हणाल्या, हे नियमित आहे, सरळमार्गी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. धातू कधी बदलत नाही, शेपूट तेवढं बदलतं. तात्यांना आवडलं. आपण दोन शब्द घेऊन 'इस्त्री करतो' म्हणतो आणि हे लोक एकाच शब्दात काम उरकतात, म्हणजे कामाची किंमत असणारी माणसं असणार, असं त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं.

प्लांचो, प्लांचास, प्लांचा, प्लांचामोस, प्लांचाइस, प्लांचान. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. शर्टाच्या घडीत घालायचे पुठ्ठे दुकानात ढिगाने होते. एकेका पुठ्ठ्यावर इंग्रजी अक्षरांत एकेक काळ लिहून तात्यांनी ते इस्त्रीच्या टेबलासमोर तारेला चिमट्यांनी लटकवले आणि इस्त्रीच्या ठेक्यावर पाठांतर सुरू केलं. खुर्चीतल्या गिऱ्हाइकांना पहिल्यांदाच बोलायला वाव मिळाला, पण सवय गेलेली असल्याने कुणाला काही सुचेना.

वर्तमानकाळ आठवड्यात झाला. भूतकाळात मात्र घोडं पेंड खाऊ लागलं. एक तर त्यांच्याकडे भूतकाळ दोन. एकदा केली नि संपली तो एक, आणि करत असे तो दुसरा. पहिल्याचं रूप प्लांचे, दुसऱ्याचं प्लांचाबा. इस्त्री कधी संपते का, असा तात्यांचा प्रश्न होता. आज केलेला शर्ट परवा पुन्हा बोळा होऊन येतो. बाईंनी तो प्रश्न व्याकरणाबाहेरचा ठरवला. त्यात आणखी एक खोड अशी की जोर कुठे द्यायचा यावर सगळा खेळ. 'प्लांचो' म्हणताना जोर सुरुवातीला दिला तर मी इस्त्री करतो, आणि शेवटी दिला तर त्याने इस्त्री केली. तात्यांचा जोर कायम शेवटीच जाई. त्यामुळे पंधरा दिवस ते बाईंना ठणकावून सांगत होते की माझ्या दुकानात दुसराच कुणीतरी काम करून गेला.

पण तात्यांना खरा धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. आपल्याकडे भूतकाळात गेलं की करणाऱ्याला कोण विचारतो? शर्ट असला तर इस्त्री केला, चादर असली तर केली, कपडे असले तर केले. क्रियापद कपड्याच्या मागे जातं आणि माणूस कोपऱ्यात निवांत उभा राहतो. इथे तसं नव्हतं. शर्ट असो, चादर असो, करणारा शेपटाला चिकटलेला. बायकोला हे कळलं तेव्हा तिने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, की मग मागच्या महिन्यात 'शर्ट जळला', ते त्यांच्या भाषेत कसं म्हणतात? तात्या म्हणाले की ते अजून शिकवलेलं नाही.

मध्येच एकदा अपूर्ण भूतकाळ हरवला. तारेवर पुठ्ठा नाही. दोन दिवस तात्या बेचैन. तिसऱ्या दिवशी बँकेतले एक साहेब दुकानात आले, शर्टाच्या घडीतून पुठ्ठा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि खालच्या आवाजात विचारलं की हे औषधाचं नाव आहे का, कारण त्यांच्या सासूबाई तो पुठ्ठा घेऊन दुकानं पालथी घालून आल्या होत्या. गुडघ्यावर चालेल असं त्यांना वाटलं होतं.

अशा रीतीने दोन महिन्यांत भविष्यकाळ झाला, 'केली असती' झालं, आज्ञार्थ झाला. सगळ्यांत जास्त रक्त आटलं ते 'तुम्ही'च्या रूपांत. प्लांचाबाइस, प्लांचारेइस, प्लांचास्तेइस, आणि त्यातही 'तुम्ही इस्त्री केली असती' याचं प्लांचारिआइस. हे रूप म्हणताना तात्यांची वरच्या दातांची कवळी सुटायची. ते कवळी हाताने धरून म्हणायला शिकले.

मग एका रविवारी लेकीचा पुन्हा फोन आला. आधी तिकिटांचं झालं, हवेचं झालं, मग ती घुटमळायला लागली. दुकान ते बारा दिवस बंद ठेवता येईल का? तात्या म्हणाले, बंद कशाला, विहीणबाईंना दाखवू की. 

"बाबा, मी तिकडे सांगितलंय की तुमचा कापडाचा व्यवसाय आहे," ती म्हणाली. "सासूबाई मोठं हॉटेल सांभाळायच्या. त्यांच्यासमोर... म्हणजे तसं खोटं नाहीये ना ते. कापडच आहे."

तात्यांनी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि एक पँट घेऊन तिच्यावर इतका वेळ इस्त्री फिरवली की बायकोने येऊन प्लग काढला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नेमका नवा अर्थ काढला. जे घडलेलं नाही पण घडावं असं वाटतं, किंवा घडू नये असं वाटतं, किंवा घडेलसं वाटतच नाही, त्यासाठी स्पॅनिशमध्ये क्रियापदाचा वेगळा अवतार असतो. इच्छा, शंका, भीती, सगळी त्या एका घरात. तेच प्लांचे, पण जोर सुरुवातीला, आणि प्लांचारा. वाक्याच्या आधी 'ओखाला' लावलं की 'असं झालं तर किती बरं' हा भाव येतो. बाईंनी एक वाक्य करायला सांगितलं.

तात्या सावकाश म्हणाले, "ओखाला नो प्लांचारा."

बाईंनी अर्थ विचारला. व्याकरणात काही चूक नव्हती, पण त्यांना तो ऐकायचा होता.

"इस्त्रीवाला नसता तर किती बरं झालं असतं," तात्या म्हणाले. "वाक्य माझं नाही. माझ्या लेकीचं आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी वही मिटली. एवढ्या वर्षांत हा अर्थ इतक्या लवकर कुणाला समजला नव्हता, असं त्या म्हणाल्या, आणि हे सांत्वन नाही हे त्यांचं त्यांनाच कळल्यामुळे उठून चहा ठेवायला गेल्या.

चहा पिता पिता बाईंनी धीर दिला. नियमित क्रियापदाचा फायदा काय? शेपटं तयार आहेत, धातू तेवढा बदलायचा. प्लांच काढा, बिआख घाला, प्रवास करणे. देस्कान्स घाला, विश्रांती घेणे. आब्ल घाला, बोलणे. एका दमात तीन नवी क्रियापदं. उरलेले पंधरा दिवस तात्यांनी तेच घोकलं. यो बिआखो, मी प्रवास करतो. यो देस्कान्सो, मी विश्रांती घेतो. कापडाच्या व्यापाऱ्याला शोभेल असं. तात्या रोज म्हणायचे, आणि रोज त्यांना वाटायचं की आपण कुणा दुसऱ्याचा कोट घालून आरशासमोर उभे आहोत.

पाहुणे शनिवारी आले. तात्यांनी दुकानाला कुलूप लावलं, 'बारा दिवस बंद' अशी पाटी टांगली आणि ते घरी बसले. घर दुकानापासून दोन गल्ल्या सोडून होतं, त्यामुळे तसा धोका नव्हता. विहीणबाई बुटक्या, रुंद, पांढरे केस आखूड कापलेले, आणि पाठ अशी ताठ की खुर्चीच्या पाठीचा त्यांना उपयोगच नव्हता. शनिवार थकव्यात गेला. खरी परीक्षा रविवारी दुपारच्या जेवणाला होती.

टेबलावर सूप होतं, पाव, उकडलेले बटाटे. टेबलक्लॉथ तात्यांनी भल्या सकाळी घरच्या इस्त्रीने केला होता. मधोमध एकच धारदार रेघ, आणि ती टेबलाच्या मध्याशी बरोबर जुळलेली. जावई गोड हसत होता. लेक सूप वाढता वाढता वडिलांकडे बघत होती. विहीणबाईंनी सूप चाखलं, तात्यांच्या बायकोला मान हलवून दाद दिली, मग तात्यांकडे वळून अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत, तुम्ही अजून काम करता का," लेक म्हणाली. "मी सांगते त्यांना."

तात्यांनी हात वर केला. तीन महिने कशासाठी घालवले होते? उत्तर तोंडात तयार होतं. देस्कान्सो. पण तेवढ्यात त्यांना दिसलं की विहीणबाईंचं बोट टेबलक्लॉथच्या त्या मधल्या रेघेवरून हळूच फिरतंय, टोकापासून टोकापर्यंत. आणि तात्यांच्या तोंडून बाहेर पडलं, "प्लांचो."

जोर सवयीप्रमाणे शेवटी गेला होता. म्हणजे त्याने इस्त्री केली. विहीणबाईंनी साहजिकच विचारलं, कोणी?

"यो," तात्या म्हणाले, आणि आता जोर सुधारून, छातीवर हात ठेवून, "यो प्लांचो."

लेकीच्या हातातला डाव सूपच्या भांड्यात पडला. ते पाहून तात्यांना आपण काय केलं ते कळलं. सावरायला हवं होतं. पूर्वी करायचो, आता नाही, असं म्हणावं म्हणून ते म्हणाले, "प्लांचाबा." त्याने काही सुधारलं नाही. मग एकदाच केली होती, या अर्थाने, "प्लांचे." मग केली असती, मग करीन, आणि एकदा धरण फुटल्यावर पाण्याला कोण अडवणार, 'आम्ही', 'तुम्ही', 'ते' सगळे ओळीने बाहेर पडले. प्लांचारिआइसला त्यांनी कवळी धरली. सगळं संपवूनच ते थांबले.

विहीणबाई उठल्या. टेबलाला वळसा घालून तात्यांच्या मागे आल्या, दोन बोटांनी त्यांच्या शर्टाची कॉलर उलटी केली आणि आतली शिवण पाहिली. तात्यांनी आयुष्यभर लोकांच्या कॉलरी पारखल्या होत्या. स्वतःची कुणी पारखतंय, हा अनुभव नवा होता. मग विहीणबाईंनी आपल्या ब्लाउजची बाही कोपरापर्यंत वर सारली. हाताच्या आतल्या बाजूला एक जुना, चकचकीत, तिरपा डाग होता. इस्त्रीच्या धारेचा. तसाच एक तात्यांच्याही हातावर होता, बोटभर खाली.

त्या जे बोलल्या त्यातल्या पहिल्या शब्दाचं भाषांतर करावं लागलं नाही, बाकीचं लेकीने केलं. मीसुद्धा. एकतीस वर्षं. हॉटेलच्या तळघरात.

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. हॉटेल सांभाळायच्या, असं तूच म्हणाला होतास ना, असं तिने तिकडच्या भाषेत विचारलं असावं, कारण जावई बटाट्याकडे बघू लागला. आपल्या आईच्या हातून त्या हॉटेलातली प्रत्येक चादर जायची, म्हणजे सांभाळणंच झालं, असं काहीसं तो म्हणाला. लेकीने तोंड उघडलं आणि तिचं तिलाच काही आठवून पुन्हा मिटलं.

तात्यांच्या बायकोने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. "सूप गार व्हायच्या आत आणखी कुणाला काही कबूल करायचं आहे का?" ती म्हणाली. हे भाषांतर लेकीलाच करावं लागलं. विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

जेवणानंतर लेक स्वयंपाकघरात ताटं पुसत होती. तात्या तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना सुरुवात कशी करावी ते सुचेना. तीच बोलली.

"मला तिथे पहिल्यांदा विचारलं ना, वडील काय करतात, तेव्हा तो शब्दच मला येत नव्हता. येत होता तो सांगितला. मग खरा शब्द शिकले तेव्हा फार उशीर झाला होता."

"किती दिवसांनी शिकलीस?"

"आठवड्याने," ती म्हणाली आणि ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "लाज वाटली, बाबा. तेच खरं आहे. आता त्या लाजेचीच जास्त लाज वाटते."

तात्यांनी तिच्या हातातलं फडकं घेतलं, झटकलं, नीट चौकोनी घडी केली आणि परत दिलं. त्यांना राग होता, आणि तो आजच्या आज जाणार नव्हता हेही त्यांना दिसत होतं. पण तिला खरं बोलायला आठवडा नाही, दोन वर्षं लागली आणि शेवटी बोलली, हेही त्यांनी मोजलं. उद्या दुकान उघडतोय, एवढंच ते म्हणाले.

सोमवारी सकाळी पाटी उतरली. नऊ वाजता विहीणबाई हजर. त्यांनी दुकान पाहिलं, इस्त्री हातात घेऊन तिचं वजन पाहिलं, तारेवरचे पुठ्ठे वाचले. एकेक पुठ्ठा वाचताना मान डोलावत होत्या. मग 'तुम्ही'च्या रूपांशी आल्या आणि बोट हलवून म्हणाल्या की हे आमच्याकडे कुणी वापरत नाही. तात्यांना वाटलं, एखादं रूप वापरत नसतील. पण नाही. प्लांचाइसपासून प्लांचारिआइसपर्यंत, सगळीच्या सगळी. आमच्याकडे 'तुम्ही'लाही 'ते'चंच रूप चालतं, म्हणजे प्लांचान. झालं. सहावा हिस्सा मेहनत पाण्यात, आणि कवळी सैल झाली ती वेगळीच. शेवटच्या पुठ्ठ्यावरचा 'प्लांचारे' हा काळ पाहून तर त्यांनी छातीवर हातच मारला. हे फक्त जुन्या कोर्टाच्या कागदांत असतं, असं जावयाने मागाहून लेकीमार्फत समजावलं. जिवंत माणसाच्या हातचा तो काळ विहीणबाई आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या.

मग काम सुरू झालं, आणि दहा मिनिटांत भांडण. तात्या शर्टाला नेहमी कॉलरपासून हात घालत. विहीणबाई आधी खांद्याची पट्टी, मग कफ, मग बाह्या, आणि कॉलर अगदी शेवटी. त्यांचं म्हणणं, कॉलर आधी केली तर बाकीचं करताना ती चुरगळते. तात्यांचं म्हणणं, चुरगळते ती ज्याला धरता येत नाही त्याच्या हातात. हे सगळं एका क्रियापदावर, दोन हातांवर आणि भुवयांवर चाललं होतं. आज्ञार्थ तात्यांना इतका नीट कधीच कळला नव्हता. 'असं नाही करायचं' हे त्यांनी त्या सकाळी निदान चाळीस वेळा ऐकलं आणि तितक्याच वेळा परत केलं. शेवटी बायकोने बँकेतल्या साहेबांचे दोन सारखे शर्ट दोघांपुढे टाकले. झाल्यावर साहेबांना बोलावून विचारलं, कोणता चांगला? साहेबांनी दोन्ही उलटेपालटे करून पाहिले आणि दोन्ही सारखेच चांगले आहेत म्हणाले. या माणसाला कपड्यातलं काडीचं कळत नाही, यावर तात्या आणि विहीणबाई यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

पुढचे दिवस असेच गेले. जावई गिऱ्हाइकांकडे गठ्ठे पोहोचवायला लागला आणि पत्ते चुकायला लागला. लेक दोन दिवस घरीच बसली. तिसऱ्या दिवशी दुकानात आली, आईशेजारी उभी राहून चिठ्ठ्या टाचू लागली, आणि समोरच्या औषधवाल्याने विचारलं तेव्हा म्हणाली की सासूबाई माझ्या माहेरच्या धंद्यात शिरल्यात. तात्यांनी ते ऐकलं, पण वळून पाहिलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी स्पॅनिशच्या बाई खाली उतरल्या. स्पॅनिश मातृभाषा असलेल्या माणसाशी त्या कित्येक वर्षांत बोलल्या नव्हत्या, म्हणून स्वागताचं छोटं भाषण लिहून, राखाडी जॅकेट घालून आल्या होत्या. भाषण सुंदर झालं. विहीणबाईंनी उत्तर दिलं. ते उत्तर बंदुकीतून सुटल्यासारखं होतं. अर्ध्या शब्दांची शेपटं त्या गिळत होत्या, आणि बाईंची हयात तर शेपटं शिकवण्यात गेली होती. बाईंचा चेहरा हळूहळू कोरा होत गेला. त्यांनी मदतीसाठी तात्यांकडे पाहिलं, आणि तेवढं समाधान तात्यांना आयुष्यभर पुरलं.

तात्यांना सगळं समजलं होतं, कारण विषय इस्त्रीचा होता. विहीणबाई म्हणत होत्या की जॅकेटचा खांदा कुणीतरी सपाट टेबलावर दाबून मारून टाकलाय; आत टॉवेलचा बोळा भरून करायला हवा होता. तात्यांनी बाईंना सांगितलं, "त्यांना तुमचं जॅकेट फार आवडलं."

"मला एक शब्द ऐकू आला," बाई थंडपणे म्हणाल्या. "तिसरा पुरुष, एकवचन, भूतकाळ. त्याने इस्त्री केली. हा 'तो' कोण?"

तात्या तारेवरचे पुठ्ठे सरळ करायला लागले. बायकोने मागच्या टेबलावरून बोटाने दाखवून दिलं.

मग बाईंचं जॅकेट उतरवून घेण्यात आलं. बिनजॅकेटच्या बाई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. त्या इतक्या बारीक आहेत हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. विहीणबाई खांद्यात टॉवेल भरून इस्त्री करत होत्या आणि करता करता बोलत होत्या, आणि बाई हळूहळू पुढे सरकत, कान देत, एकेक शब्द पकडत होत्या. तासाभराने दोघी हसायला लागल्या. तात्यांनी तीन-चारदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला. कुणी लक्ष दिलं नाही, तेव्हा ते सगळ्यांसाठी चहा आणायला गेले.

पाहुणे गेले. दुकान पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. पुठ्ठ्यांवरच्या 'तुम्ही'च्या ओळी कापून तात्यांनी कॉलरीत घालायच्या पट्ट्या केल्या. तिसऱ्या आठवड्यात दुकानाच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. विहीणबाईंच्या मागे त्यांच्या घरचं इस्त्रीचं टेबल दिसत होतं, आणि त्यावर शेजाऱ्यांचे असावेत असे शर्ट. नमस्कार-चमत्कार काही नाही. कॉलर आधी करता की नंतर, हा पहिला प्रश्न. तात्या म्हणाले, नंतर. बायकोने मागून खाकरून दाखवलं. विहीणबाईंनी पुरावा म्हणून आत्ता झालेला शर्ट समोर धरायला सांगितला. तात्यांनी तो फोनसमोर धरला, कॉलर, मग कफ, मग खांदा. पलीकडून इतका वेळ काहीच आवाज आला नाही की तात्यांना वाटलं, फोन बंद पडला.

बंद पडला नव्हता. त्या चष्मा आणायला गेल्या होत्या.